कढीनिंबावरचे पाहुणे

गेल्या भाद्रपदांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्हांस बारामतीजवळील माळेगांव बुद्रुक येथें चार दिवस राहण्याचा योग आला. आमची मावसबहीण, जिला आम्ही आक्का म्हणतों, तिचें तें सासर. घर जुन्या वळणाचें, माणसें चौदा-पंधरा. पुढें ओसरी, मागें विहीर, आणि विहिरीच्या कडेनें कढीनिंब, कागदी लिंबू, कण्हेर व जास्वंद. परसाच्या कुंपणापलीकडे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊंस दृष्टि पोंचेल तेथवर उभा. रान म्हणून ज्यास म्हणावें तें आतां बांधांवर व ओढ्याच्या कांठींच काय तें उरलें आहे. अशा गांवांत ‘दुर्मिळ जंगली फुलपाखरूं सांपडलें’ अशी वर्दी आली, तर तिजवर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाहीं. आणि आम्ही पायांतील वहाणा काढतों न काढतों तोंच आक्काच्या अकरा वर्षांच्या श्रीधरनें नेमकी तीच वर्दी आम्हांस दिली.

“मामा, पुरावा म्हणून फोटो काढून ठेवला आहे,” असें म्हणून त्यानें आईचा मोबाईल आमच्यापुढें धरला. चित्र खरोखरच सुरेख होतें. काळे मखमली पंख, पुढच्या पंखांवर पांढुरके पट्टे, मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांच्या ओळी, आणि शेंपटीसारखीं निघालेलीं दोन टोकें. पुस्तकांतील चित्राशीं ताडून पाहून चिरंजिवांनीं निदानहि करून टाकलें होतें. हें ‘क्रिमझन रोज’ होय! दक्षिणेंत हें फुलपाखरूं तसें विरळा नाहीं. परंतु वन्यजीवांच्या कायद्याच्या अनुसूचींत त्याचें नांव घातलेलें त्याच्या वाचनांत आलें होतें, आणि ज्याला सरकार जपतें तें दुर्मिळ असलेंच पाहिजे, असा त्याचा सरळ तर्क होता. सोमवारीं शाळेंत हा शोध जाहीर करावयाचा, असा त्याचा व त्याची चुलतबहीण मुक्ता हिचा बेत ठरला होता.

आम्हीं चित्र मोठें करून पाहिलें आणि त्याला विचारलें, “श्रीधर, पंख पाहिलेस, अंग पाहिलेंस का?” खऱ्या क्रिमझन रोजचें डोकें व पोट लाल असतें. ह्या पाहुण्याचें अंग काळेंभोर होतें. म्हणजे हें क्रिमझन रोज नव्हे, तर त्याचा वेष घेतलेली ‘कॉमन मॉरमॉन’ जातीची मादी होय, आणि तिचें बिऱ्हाड बहुधा आपल्याच परसांतील कढीनिंबावर असावें, असें आम्हीं त्यास सांगितलें. मुलाचा चेहरा उतरला. रानांतील राणी म्हणून जिला ओसरीवर आणली, ती घरचीच सोंगाडी निघाली! तरी धीर धरून तो म्हणाला, “मग कढीनिंबावर तिच्या अळ्या असतील. चला, पाहूं.”

आम्ही परसांत गेलों, आणि तेथें पाहिलें तें पाहिलें नसतें तर बरें, असें वाटलें. कढीनिंबाखालीं पंधरा-वीस हिरव्या अळ्या मरून पडल्या होत्या. आदल्या दिवशीं वांग्यांवर मारून उरलेलें कीटकनाशक गड्यानें घरांतल्या वडीलधाऱ्यांच्याच सांगण्यावरून ह्या झाडावर फवारलें होतें. आक्काच्या सासूबाई, ज्यांना सारें घर माई म्हणतें, त्यांनीं मोकळेपणानें तें कबूल केलें. “अळ्यांनीं पानें खाऊन झाडाचे खराटे केले होते. फोडणींत अळी पडली तर काय करायचें?” त्यांच्या म्हणण्यांत खोट नव्हती. पण त्याच फवाऱ्यामुळें पंधरा दिवस त्या झाडाचें पान फोडणींत घालायचें नाहीं, असाहि हुकूम त्यांनींच दिला होता. म्हणजे अळ्यांनीं निम्मीं पानें नेलीं असतीं, तीं वांचवितांना सगळींच गेलीं. श्रीधर कांहीं बोलला नाहीं. विहिरीच्या कठड्याशीं जाऊन पाठमोरा उभा राहिला. आणि अकरा वर्षांचा मुलगा पाठमोरा उभा राहतो तेव्हां तो काय करीत असतो, तें मोठ्यांनीं विचारावयाचें नसतें.

मुक्तेच्या डोळ्यांनीं मात्र काम चालविलें होतें. विहिरीच्या बाजूस झुकलेल्या एका फांदीवर फवारा पोंचला नव्हता. तेथें तिला तीन अळ्या जिवंत दिसल्या. दोन मोठ्या, हिरव्या. तिसरी लहान, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी. लहानपणीं ह्या अळीचें असेंच रूप असतें, म्हणजे पक्ष्यास ती खाण्याजोगी वाटत नाहीं. मोठी झाली म्हणजे ती पानाचा रंग घेते. मोठीस काडीनें हळूच डिवचलें, तर डोक्यामागून लाल, दुबोटी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हा प्रयोग मुलांनीं एकदांच करावा. पुनःपुन्हां करून जिवाचा छळ करूं नये. दुपारीं घर निजलें असतां माई लोणच्याची एक रिकामी बरणी व विरविरीत धोतराचा तुकडा घेऊन परसांत आल्या आणि श्रीधरास म्हणाल्या, “तीन राहिल्या आहेत, त्या तरी नीट पाळ. पानें रोज ताजीं घाल, आणि बरणी उन्हांत ठेवूं नकोस.”

वाचकांस वाटेल कीं, लोणच्याच्या बरणीचा आणि दुर्मिळ वन्य फुलपाखरांच्या शोधाचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. सह्याद्रीच्या रानांतील फुलपाखरांची जी ओळख आज आपणांस आहे, तिचा मोठा भाग जाळ्यानें पकडून नव्हे, तर अशाच अळ्या घरीं पाळून मिळालेला आहे. त्या उद्योगाची मोठी पेढी होती कारवार. कारवारचा तो मुलूख त्या काळीं मुंबई इलाख्यांत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें तीन इंग्रजी अंमलदार एकत्र आले. मीठ व जकात खात्यांतील एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन, आणि जंगल खात्यांतील टॉमस बेल. ह्यांपैकीं एटकेन तर आपल्या साताऱ्यास १८५१ सालीं जन्मलेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यानें कांहीं काळ लॅटिन शिकविलें, आणि १८८३ सालीं मुंबईस जी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तिच्या संस्थापकांत तो होता.

ह्या मंडळींनीं कामाची रीत अशी ठेविली. मादी कोणत्या झाडावर बसून अंडें घालते तें पाहावयाचें. तीं अंडीं किंवा अळ्या घरीं आणून त्याच झाडाच्या पाल्यावर वाढवावयाच्या. अळी किती वेळां कात टाकते, कोश कसा बांधते, त्यांतून काय निघतें, हें टिपून ठेवावयाचें. मुंबई इलाख्यांतील फुलपाखरांच्या अळ्या व कोश ह्यांविषयींचीं त्यांचीं टिपणें १८९० पासून सोसायटीच्या नियतकालिकांत येऊं लागलीं, आणि १८९६ पासून उत्तर कानड्यांतील फुलपाखरांची त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. पुढें बेलनें हिंदुस्थानच्या सपाट प्रदेशांतील सामान्य फुलपाखरांवर १९०९ पासून जवळजवळ अठरा वर्षें लेख लिहिले. नोकरींतून निवृत्त झाल्यावरहि तो विलायतेस गेला नाहीं. कारवारासच राहिला आणि १९४८ सालीं तेथेंच वारला.

झाड ओळखल्याशिवाय फुलपाखरूं ओळखतां येत नाहीं, हा ह्या कारवारी बरण्यांचा मोठा धडा होय. प्रौढ फुलपाखरूं दहा फुलांवर बसेल, ओल्या मातींतील क्षार शोषील, पण त्याची अळी मात्र ठराविक झाडाचाच पाला खाते. आपल्या कोंकणी वाचकभगिनींच्या मसाल्याच्या डब्यांत तिरफळ असतेंच. त्याच तिरफळाच्या कांटेरी झाडावर ‘मलबार बँडेड पीकॉक’ नांवाच्या, काळ्या पंखांवर हिरव्या-निळ्या तेजस्वी पट्ट्याच्या फुलपाखराची अळी वाढते. शास्त्रांत ह्याचें नांव ‘पॅपिलिओ बुद्ध’ असें आहे. जगांत हें फुलपाखरूं केवळ आपल्या पश्चिम घाटांत आढळतें. केरळ राज्यानें २०१८ सालीं त्यास आपलें राज्य-फुलपाखरूं ठरविलें. तिरफळाचें रानटी झाड तोडलें, तर आमटीची चव जाईल ती जाईल. परंतु त्याबरोबर काय जातें, तें हें असें आहे.

दुसरें उदाहरण ‘सदर्न बर्डविंग’ ह्याचें. काळ्या-पिवळ्या पंखांचें हें फुलपाखरूं उडतांना लहानशा पक्ष्याचा भास होतो. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठें फुलपाखरूं म्हणून १९३२ पासून त्याचाच मान होता. १९० मिलिमीटर हें त्याच्या पंखविस्ताराचें माप. उत्तराखंडांतील ‘गोल्डन बर्डविंग’च्या एका मादीचें माप १९४ मिलिमीटर भरल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तो मान चार मिलिमीटरांनीं गेला. ह्या बर्डविंगची अळी सापसंदाच्या कुळांतील वेलींवरच वाढते. सिंधुदुर्गांतील आंबोलीच्या रानांत आणि गोव्याकडील घाटांत पावसाळ्यानंतर हें पाहावयास मिळतें. तेथेंच, सदाहरित झाडींत, ‘मलबार ट्री निंफ’ हें पांढरें, काळ्या ठिपक्यांचें फुलपाखरूं वाऱ्यावर सोडलेल्या पातळ कागदासारखें तरंगत जातें. उघड्या माळावर तें येत नाहीं. सावली व ओल हेंच त्याचें घर.

आणि नवे शोध संपले असें कोणी समजूं नये. पश्चिम घाटांत फुलपाखरांच्या सव्वातीनशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असूनहि, २०२३ मध्यें तामिळनाडूंतील मेघमलईच्या डोंगरांतून रुपेरी रेघांची एक अगदीं नवी जाति शास्त्रास ज्ञात झाली. दीडशें वर्षें लोक जेथें जाळीं घेऊन हिंडले, तेथें हें निघालें. उरलेल्या रानांत अजून काय असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु रान उरावयास हवें. वन्य फुलपाखरें दुर्मिळ होतात तीं मुख्यतः पकडल्यानें नव्हे, तर त्यांच्या अळीचें झाड व त्या झाडाभोंवतालची ओली सावली नाहींशी झाल्यानें. घाटांतील रस्ता रुंदावला, डोंगर उघडा करून लागवड झाली, वणव्यानें वेली जळाल्या, कीं एका डोंगरावरची वस्ती दुसऱ्या डोंगरावरच्या वस्तीपासून तुटते. आणि जें फुलपाखरूं झाडींतून बाहेर पडण्यास भितें, त्यास मधला उघडा माळ समुद्राइतका दुस्तर होतो. अशा वेळीं लहानसें राखलेलें रानहि उपयोगी पडतें. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ ह्यांनीं १९७०च्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून हेंच दाखवून दिलें कीं, देवाच्या नांवानें जेथें कुऱ्हाड चालली नाहीं, तेथें आसपास नष्ट झालेल्या वनस्पती टिकून आहेत. जेथें वेल टिकली, तेथें तिच्यावरची अळी टिकण्याची आशा असते. आपल्या पूर्वजांनीं हें फुलपाखरासाठीं केलें नव्हतें. पण त्यांच्या भीतीचें व भक्तीचें व्याज आपण आज खात आहों. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, त्यांत आपल्याकडील कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं ठिकाणें आहेत. आणि महाराष्ट्रानें २०१५ सालीं ‘ब्लू मॉरमॉन’ ह्यास राज्य-फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारें हें देशांतील पहिलें राज्य. ब्लू मॉरमॉन म्हणजे आमच्या कढीनिंबावरील पाहुणीचा मोठा भाऊबंद. काळ्या मखमलीवर आकाशी रंगाचे शिंतोडे असावेत तसा. त्याची अळी लिंबाच्या कुळांतल्या झाडांवर वाढते, म्हणून तो रान सोडून कधीं कधीं शहरांतील बागांतहि येतो. मान देणें हें चांगलें. पण मान राजधानींत देतात आणि झाड गांवांत तोडतात, ही अडचण मानानें सुटत नाहीं.

ही अडचण आम्हांस माळेगांवांतच, तिसऱ्या दिवशीं भेटली. संध्याकाळीं मुलांना घेऊन बांधावरून फिरत असतां माई आमच्याबरोबर होत्या. क्रिमझन रोज व त्याची सख्खी जात कॉमन रोज ह्यांच्या अळ्या विषारी रसाच्या वनस्पतींवर वाढतात. तें विष त्यांच्या अंगांत मुरतें, म्हणून पक्षी एकदां चोंच मारून पस्तावतो आणि पुन्हां त्या लाल ठिपक्यांच्या वाटेस जात नाहीं. कॉमन मॉरमॉनच्या कांहीं माद्या ह्याच धाकाचा फायदा घेण्यासाठीं तो वेष घेतात, असें आम्ही मुलांना समजावून देत होतों. श्रीधरनें विचारलें, “पण इथें तो खरा रोज कुठें राहतो? इथें तर जंगल नाहीं.” आम्हांस उत्तर सुचेना. माईंनीं खालीं वांकून बांधावरच्या काळ्या मातींत पसरलेली, गोल पानांची, घाणेरड्या वासाची एक वेलवजा वनस्पति दाखविली आणि त्या म्हणाल्या, “ही किडामारी. बैलाच्या जखमेंत किडे पडले कीं पूर्वीं हिचा रस घालीत. हिच्यावर काळ्या अळ्या असायच्या. लाल कांटे असलेल्या.” आमचे पुस्तकी डोळे त्या झुडपावरून दहा वेळां गेले असतील! किडामारी ही सापसंदाचीच मैदानांतली बहीण, आणि रोज-फुलपाखरांच्या अळ्यांचें तें खाद्य होय. (ह्या कुळांतील वनस्पती मनुष्याच्या मूत्रपिंडास अपायकारक ठरल्या आहेत, तेव्हां घरगुती औषध म्हणून त्या कोणीं पोटांत घेऊं नयेत.)

आतां मेख अशी कीं, पुढल्याच आठवड्यांत त्या बांधावर तणनाशक मारावयाचें ठरलें होतें. आक्काचे थोरले दीर अण्णा हे शेती पाहतात. ते अविचारी गृहस्थ नव्हेत. मजूर मिळत नाहीं, बांधावरचें तण उसांत शिरतें, गवतांत उंदीर होतात, हीं त्यांचीं कारणें ऐकून आम्हीं मान डोलविली; कारण शेतीचा हिशेब आम्हांस मांडावयाचा नाहीं, त्यांना मांडावयाचा आहे. रात्रीं ओसरीवर मात्र श्रीधरनेंच तो विषय काढला. तो म्हणाला, “अण्णा, किडामारी गेली कीं खरा रोज जाईल. मग पक्ष्यांना धाक कोणाचा? आपल्या कढीनिंबावरची सोंगाडी मग कोणाचें सोंग घेणार?” अण्णा हंसले, पण गप्प राहिले. खरें नाणें चलनांतून गेलें कीं त्याच्या नकलेलाहि किंमत उरत नाहीं, हें व्यवहारी माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. घराच्या परसांतलें सामान्य फुलपाखरूं बांधावरच्या तणाशीं असें बांधलेलें आहे. मग आंबोलीच्या रानांतलें दुर्मिळ फुलपाखरूं किती धाग्यांनीं बांधलेलें असेल, ह्याचा विचार वाचकांनीं करावा.

आम्ही परत आलों. पंधरा दिवसांनीं आक्काचा फोन आला. तिघांपैकीं लहान अळी वांचली नाहीं. दोन कोशांतून, दोन दिवसांच्या अंतरानें, दोन निरनिराळीं फुलपाखरें निघालीं. एक काळें, मागच्या पंखांवर केवळ पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलें. दुसरें लाल ठिपक्यांचें. एकाच झाडावरच्या, बहुधा एकाच आईच्या लेंकरांचे दोन वेष! ह्यानें चकित होण्यांत श्रीधर एकटा नाहीं. लिनीअससारख्या पंडितानें अठराव्या शतकांत हींच दोन रूपें दोन वेगळ्या जाती म्हणून लिहून ठेविलीं होतीं. तीं एकच होत हें वॉलेस ह्यानें १८६५ सालीं मांडलें. फ्रायर ह्यानें सिलोनांत त्यांच्या पिढ्या पाळून त्यांतील आनुवंशाचे नियम १९१३ सालीं दाखविले. आणि हा वेष एकाच जनुकाच्या हातीं आहे व तें जनुक नर-मादीचा भेद ठरविणारेंच आहे, हें २०१४ सालीं सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञांत अग्रणी होते पुण्यांत शिकलेले डॉ. कृष्णमेघ कुंटे. दीडशें वर्षें पंडितांस पुरलेलें कोडें माळेगांवच्या लोणच्याच्या बरणींत सुटतांना एका मुलानें पाहिलें. ह्याहून मोठा शोध त्याला शाळेंत जाहीर करावयास नको होता.

आमच्या वाचक-कुटुंबांस ह्यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. फुलपाखरें टांचणीनें टोंचून संग्रह करण्याचा नाद मुलांस लावूं नये. १९७२च्या कायद्यानें संरक्षित जातींच्या बाबतींत तो गुन्हा आहे, आणि आतां छायाचित्रानें तेंच काम होतें. दर सप्टेंबरांत २०२० पासून देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना पाळला जातो; त्यांत घरांतील मुलांनीं भाग घ्यावा. मात्र एखाद्या दुर्मिळ जातीचें नेमकें ठिकाण चव्हाट्यावर मांडूं नये. दुसरें, बागेंत नुसतीं शोभेचीं फुलें लावूं नयेत. कढीनिंब, लिंबू, पपनस ह्यांपैकीं एक झाड असें राखावें कीं, ज्यावर फवारा जाणार नाहीं आणि ज्याची चौथाई पानें अळ्यांची म्हणून आधींच सोडून दिलेलीं असतील. तिसरें, ज्यांच्या गांवीं देवराई आहे त्यांनीं देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी देतांना, झाडें तोडून सभामंडप होणार नाहीं ना, एवढें विचारून मगच हात खिशांत घालावा.

दिवाळींत अण्णा पुण्यास आले होते. बांधाचें काय झालें, असें आम्हीं विचारलें. तणनाशक मारलें, परंतु ओढ्याकडचा तुकडा, सुमारें चाळीस पावलांचा, तसाच ठेवला आहे, असें ते म्हणाले. “माईंनीं तिथें चार काठ्या रोवल्या आहेत. गड्याला सांगितलेंय, काठ्यांच्या आंत जायचें नाहीं.” मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “त्या किडामारीवर अळ्या कोणत्या महिन्यांत येतात हो?”